तिरकं उभं राहिलेलं हरीण

ग्वेल्फ,
सोमवार, २३ ऑक्टोबर २०२३

ती. शशिमामांस,
ग्वेल्फहून अबोलीचा सा. न. वि. वि.

विनंती शेवटी आहे. आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. शनिवारी सकाळी आर्थर गावाजवळ, मर्लच्या शेताच्या कडेला, मी मचाणावर धनुष्य घेऊन बसले होते. परवाना एका हरणाचा आहे.
२. एक पूर्ण वाढलेली मादी मक्याच्या शेतातून बाहेर आली आणि वीस मीटरवर थांबली.
३. ती तिरकी उभी होती. छाती आणि डावा खांदा माझ्याकडे, मागचा भाग पलीकडे.
४. हृदय कुठे असेल ते धरून मी बाणाची रेष मनात आखली. रेष डाव्या खांद्याच्या पुढच्या कडेवरून आत जात होती.
५. बाण सोडला. ठरवल्या जागी लागला.
६. हरीण पळालं.
७. जखमी जनावर खाली बसावं म्हणून थांबायचं तेवढं थांबून मर्ल आणि मी माग काढला. कुंपणापर्यंत रक्त मिळालं, पुढे नाही. रविवारीही दिवसभर शोधलं. हरीण सापडलं नाही.

फोन केला असता, पण तुमच्या कानातलं यंत्र फोनवर शिट्टी घालतं आणि मग आपण दोघं ओरडत बसतो. शिवाय सोबत आकृती जोडायची होती. मोजपट्टी वापरली आहे, प्रमाण एकास वीस.

मर्ल कोण, ते सांगायला हवं. ती साठीची आहे, मेंढ्या पाळते, आणि इथल्या धनुर्विद्येच्या क्लबात माझ्या शेजारच्या रांगेत असायची. यंदा तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, धनुष्य ओढता येत नाही. म्हणून तिने मला विचारलं की तिच्या रानात मी शिकार करीन का, मांस अर्धं अर्धं. मी रीतसर कोर्स केला, परीक्षा दिली, परवाना काढला. आईला एवढंच माहीत आहे की मी अमरावतीला शिकले तेच इथे व्यायाम म्हणून चालू ठेवलं आहे. तिने विचारलं तर सांगीन. ती विचारणार नाही.

माझे प्रश्न दोन. पहिला, हरीण जिवंत आहे का? कागदोपत्री न सापडलेलं हरीण मोजलं जात नाही, माझा परवाना अजून कोरा आहे. माझ्या हिशेबात तसं नाही. ते मेलं असेल तर माझ्या वाट्याचं हरीण मी मारलं, हंगाम संपला, आणि मी पुन्हा मचाणावर चढणार नाही. जिवंत असेल तर गोष्ट वेगळी. मर्ल म्हणते की ते खात्रीने जिवंत आहे आणि मी येत्या शनिवारी यावं. पण तिला खात्री कशी, ते ती सांगत नाही.

दुसरा, चूक कुठे झाली ते मला सापडत नाही. नेम चुकला असता तर समजलं असतं. नेम बरोबर लागला.

तुम्ही आयुष्यभर लोकांच्या छातीचे एक्स-रे वाचलेत. आकृती पाहून बाण कुठून कुठे गेला असेल ते सांगावं. धीर देण्याची गरज नाही.

मामींना नमस्कार.

आपली,
अबोली

---

कोक्विटलाम,
३० ऑक्टोबर २०२३

ना सौ., ना कु., नुसत्याच चि. अबोलीस,
शशिमामाचे घसघशीत आशीर्वाद.

तुझं पत्र उघडलं आणि आधी वाटलं, पोलिसांचा पंचनामा चुकून आमच्या पेटीत पडला. भाचीची पत्रं लोकांना येतात तशी मलाही यावीत, तब्येत कशी आहे, थंडी पडली का, असं काहीतरी असावं, अशी माझी इच्छा होती. तुला मोजपट्टी मिळाली, शाईत चार प्रेमाचे शब्द मिळाले नाहीत. असो. तुझ्या आजोबांचीही पत्रं अशीच असायची, त्यामुळे वंशाबद्दल शंका नाही.

शीलाने पत्र वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू बाण मी सोडला. तिसऱ्या दिवशी म्हणाली की पोरीला कळव, हे धंदे बंद कर. मी म्हटलं, कळवतो. हे घे, कळवलं. आता कामाचं.

तुझ्या आकृतीबद्दल माझी पहिली तक्रार. आमच्या रिपोर्टात दोन भाग असतात. वर काय दिसलं, खाली मला काय वाटतं. नवशिके डॉक्टर नेहमी खालचं वर लिहितात, आणि तू तेच केलंस. बाण ठरवल्या जागी लागला, हे तुझं मत झालं. वीस मीटरवरून, पापणी लवायच्या आत, तुला काय दिसलं? बाण परत मिळाला का? किती ओला होता? रक्त गडद की फिकं, त्यात फेस होता का, वास होता का? केस कसे होते? पळताना हरीण कुठल्या पायावर पळालं? यातलं एकही तू लिहिलं नाहीस, आणि प्रमाण मात्र एकास वीस!

दुसरी तक्रार. एकाच बाजूने घेतलेल्या फोटोवर मी कधी मत दिलं नाही. सावलीत पुढचं आणि मागचं एकावर एक बसतं. म्हणून मी तुझ्या हरणाला सगळीकडून पाहायचं ठरवलं. हॅलोवीनला दारात येणाऱ्या मुलांसाठी भोपळा पोर्चवर आणून ठेवला होता. वरून झाकण कापलं, आतलं काढलं, मध्ये हृदय म्हणून लिंबू टांगलं. बाहेरून खांद्याचं हाड म्हणून शीलाचं उलथनं चिकटवलं. बाण म्हणजे तिचीच विणकामाची सुई. शेजारीण कुत्र्याला फिरवत होती, तिने थांबून पाहिलं, हात हलवला आणि जरा भरभर चालायला लागली.

भोपळा आडवा धरला, उलथनं जरा पुढे सरकवलं, तर सुई सरळ लिंबात जाते. इकडे तिकडे बोटभर झालं तरी लिंबाच्या आसपासच राहते, म्हणजे दोन्ही फुप्फुसांत. मग भोपळा तिरका पाठमोरा केला. हा मला सगळ्यांत आवडला. सुई उलथन्याच्या मागून शिरते, पुढे सरकते आणि पलीकडच्या खांद्याच्या दिशेने बाहेर येते. वाटेत काही आडवं येत नाही. मग केला तुझ्या हरणासारखा तिरका, छाती माझ्याकडे. सुई लिंबाच्या रेषेत अगदी बरोबर धरली आणि ठक्! उलथनं. जरा बाजूने घेतली तर लिंबू राहिलं बाजूला, सुई थेट आतड्याच्या वस्तीत. तुझी रेष चूक नव्हती, अबोली. पण भूमितीत हाड नसतं.

आणि एक गंमत सांगतो. छातीचा एक्स-रे काढताना आम्ही माणसाला खांदे पुढे घ्यायला सांगतो. म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात, नाहीतर त्यांच्या सावलीत रोग लपून बसतो. जनावराचंही थोडंफार तसंच असणार. जवळचा पुढचा पाय पुढे पडलेला असेल तर खांदा पुढे सरकतो आणि छाती उघडी पडते. पाय मागे असेल तर झाकली जाते. तुझ्या हरणाचा डावा पुढचा पाय त्या क्षणी कुठे होता? त्याला खांदे पुढे घ्यायला कुणी सांगितलं होतं का?

एवढं कळव, मग माझं मत लिहितो. तुझ्या त्या मर्लची घाई तिची तिला लखलाभ.

भोपळ्याचं आता भरीत होणार आहे. आहे तो लोभ कमी करू नये, वाढवायचा की नाही ते तुझ्या पुढच्या पत्रावर.

तुझा,
शशिमामा

---

ग्वेल्फ,
६ नोव्हेंबर २०२३

ती. शशिमामांस,
सा. न. वि. वि. तब्येत ठीक आहे. थंडी पडली आहे. विंटर टायर्स लावून झाले.

तक्रारी मान्य. काय दिसलं, तेवढंच लिहिते.

बाण मोडलेला मिळाला. मागचा भाग हरीण जिथे उभं होतं त्याच्या जवळच गवतात पडला होता. टोकाचं पातं आणि पुढचा तुकडा मिळाला नाही. मोडलेल्या टोकापासून चार बोटं रक्त होतं, त्याच्यावर कोरडा. रक्त गडद लाल. फेस नव्हता, वास नव्हता. केस तपकिरी, राठ, आखूड. पळताना डावा पुढचा पाय जमिनीला टेकत नव्हता. हे मी तेव्हाच पाहिलं होतं. पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण माझ्या आकृतीत पायाला जागा नव्हती.

बाण सोडण्याआधी पाय पुढे होता की मागे, ते मला माहीत नाही. पाहिला नाही. यावर मी आठवडाभर विचार केला आणि उत्तर बदललं नाही. अमरावतीच्या मैदानावर आमचे सर सांगायचे की पिवळ्या ठिपक्याखेरीज जे दिसेल ते विसरायचं. वारा, शेजारचा, स्वतःचा हात, सगळं. मी ते चांगलं शिकले. शनिवारी मला हरणाच्या अंगावर लिंबाएवढी एक जागा दिसत होती. हरीण दिसत नव्हतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातून मिळालं, ते तुमच्याकडून तपासून हवं आहे. कारखान्यात माझं काम मोजमाप तपासण्याचं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पट्ट्यावरून सुटे भाग येतात, ते पास करायचे की परत पाठवायचे ते आम्ही ठरवतो. आम्ही कुणाकडेही नेमका आकार मागत नाही, कारण तो कुणालाच जमत नाही. किती चुकलं तरी चालेल, ते आधी ठरवतो. त्याला टॉलरन्स म्हणतात. जो भाग केसभर चुकला की निकामी होतो, त्याची रचनाच वाईट असं आम्ही धरतो, करणाऱ्याचा हात कितीही चांगला असो. त्या कोनात किती चुकलं तरी चालेल, हे मी ठरवलं नव्हतं. मला नेम लागेल का, एवढंच मी विचारलं. लागेल, हे मला माहीत होतं. पण चुकणारी मी एकटीच नव्हते. हरीण बाणाच्या आवाजाने दबकू शकतं, वळू शकतं, पाऊल उचलू शकतं. आडवं उभं असताना ते तसं हललं तरी वाव राहतो. तिरकं, छाती पुढ्यात करून उभं असताना राहत नाही. म्हणून तो कोन नाही म्हणायचा असतो, कितीही चांगला नेम असला तरी. कोर्समध्ये हे वाक्य होतं. मी पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं आणि पूर्ण गुण मिळवले होते.

मर्लला भोपळ्याची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की ऑपरेशनचा खांदा धरून बसली. तुम्हाला तिने सफरचंदाच्या मुरंब्याची बाटली पाठवली आहे, ती वेगळ्या पार्सलने येईल. ती मला इन्स्पेक्टर म्हणते. तिचं म्हणणं असं की हरीण एव्हाना कुणाच्या तरी बागेत कोबी खात असेल, आणि मी विचार करत बसले तर तिचा फ्रीझर रिकामाच राहील. तिला मांस हवं आहे, म्हणून तिचं मत मी धरत नाही. मी शिकार करू नये असं तुम्हाला वाटतं, तरी तुमचं धरते.

तेव्हापासून मचाणावर गेलेले नाही. तुमचं मत आल्याशिवाय जाणार नाही.

आपली,
अबोली

---

कोक्विटलाम,
१४ नोव्हेंबर २०२३, पाडवा

चि. अबोली,
अनेक आशीर्वाद, त्यातले काही रागाचे आहेत ते तू वेगळे काढून घे.

या वेळी मी लिहिते आहे. तुझ्या मामाचं मत आधी सांगते, नाहीतर तो माझ्या खांद्यावरून वाचत उभा राहील. तो म्हणतो, बाण खांद्याच्या हाडावर आदळून मोडला, पातं मांसात अडकलं. छातीत गेल्याची एकही खूण तू लिहिलेली नाहीस. हरीण जिवंत असण्याची शक्यता जास्त. टॉलरन्सचं तुझं गणित त्याला इतकं पटलं की काल फराळाला आलेल्या चौघांना त्याने ते ऐकवलं, आणि चौघंही लाडू हातात धरून बसले.

आता खरं सांगते. तो मत लिहायला बसला तेव्हा मी त्याला सांगितलं की मेलं म्हणून लिहून टाक. पोरगी ते धनुष्य खाली ठेवेल, विषय संपेल, तुझ्या आईला, अरुणालाही काही सांगावं लागणार नाही. त्याने पेन खाली ठेवलं आणि भर पावसात छपराच्या पन्हळीतली पानं काढायला निघून गेला. या माणसाने उन्हाळ्यात कधी पन्हळीकडे पाहिलं नाही. भिजून आत आला आणि म्हणाला, या वयात खोटा रिपोर्ट लिहायला शिकणार नाही. म्हणजे हरीण जिवंत आहे हे तुला कळावं असं मला वाटत नव्हतं, हेही तुला कळलेलं बरं.

पण मग मी तुमची सगळी पत्रं ओळीने वाचली. कमाल आहे तुम्हा दोघांची! तुझ्या पत्रांत हरीण उभं आहे. त्याच्या पत्रात ते भोपळा आहे. मेलं की जगलं, एवढाच तुमचा वाद. ते चालतं कसं आहे, हे कुणी विचारलं का? मी न्यू वेस्टमिन्स्टरच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपीत उभी हयात घालवली. एक्स-रे चांगला आणि माणूस पाऊल टाकताना कळवळतो, असे किती पाहिले. तुझा मामा वरच्या मजल्यावर अंधाऱ्या खोलीत फिल्म लावून म्हणायचा, हाड जुळलं. आणि खाली माझ्याकडे तो माणूस कठड्याला धरून रडत असायचा. दुखणं चालण्यात दिसतं गं. पातं आत घेऊन ते जनावर रानात फिरतंय. बरं होतंय, की रोज थोडं थोडं मरतंय? तुझ्या परवान्याचा हिशेब लागला, छान झालं. त्याचा कोण लावणार?

आणि एक विचारते, रागावू नकोस, रागावलीस तरी चालेल. हे कशाला? कागदावर बाण मारायचा कंटाळा आला होता का? मांस दुकानात मिळत नाही का? अगदी लहानपणी तू आमच्याकडे आली होतीस तेव्हा बागेतली गोगलगाय रस्त्यावरून उचलून कुंपणात ठेवायचीस. मला उत्तर हवं आहे, निबंध नको.

चकल्या वेगळ्या डब्यात पाठवल्या आहेत. मोडल्या असतील तर टॉलरन्स लावून खा. मर्लचा मुरंबा पोचला. तुझ्या मामाने चमच्याने अर्धी बाटली संपवली, तिला माझा नमस्कार सांग. थंडीत कान झाकत जा.

राग उतरला की लिहीन असं म्हणणार होते, पण तो उतरेलसं दिसत नाही, म्हणून आत्ताच पाठवते.

तुझी,
शीलामामी

---

ग्वेल्फ,
२७ नोव्हेंबर २०२३

ती. शीलामामींस,
अबोलीचा सा. न. वि. वि. मामांना वेगळं पत्र नाही, हेच त्यांना वाचून दाखवावं.

दोनच चकल्या मोडल्या होत्या, पास केल्या. मर्लला चार दिल्या. तिने विचारलं की हे यंत्रावर करतात का. हाताने करतात म्हटल्यावर एक उलटसुलट करून पाहिली आणि मग खाल्ली.

आधी तुमचा प्रश्न. कंटाळा आला नव्हता. इतकी वर्षं धनुष्य हातात धरलं आणि ते मुळात कशासाठी बनलं ते मला माहीत नव्हतं. ते माहीत करून घ्यायचं होतं. उत्तर एवढंच आहे. पुरेसं आहे असा माझा दावा नाही.

आता हरीण. तुमचं पत्र मी मर्लला समजावून सांगितलं. ती या वेळी हसली नाही. तिने डबक्याजवळच्या झाडाला कॅमेरा बांधून दिला. समोर काही हललं की तो आपोआप चित्रफीत घेतो. हरीण चार वेळा आलं. तेच आहे, डाव्या खांद्यावर जखम दिसते. सोबतच्या पेनड्राइव्हवर चारही चित्रफिती आहेत, मामांच्या बेसमेंटमधल्या कम्प्युटरवर चालतील. काय दिसतं तेवढं लिहिते.

पहिलीत ते तीन पायांवर आहे. डावा पुढचा पाय वर धरलेला, डबक्याच्या काठाशी एकदा टेकवला आणि लगेच उचलला. पाणी पिताना गुडघ्यावर आलं. दुसरीत खुराचं टोक टेकतंय. दर पावलाला डोकं झटक्याने वर जातं. जखम ओली आहे. तिसरीत त्याच्यासोबत आणखी तीन हरणं आहेत. ती पुढे निघून जातात, हे थांबतं, मग मागून जातं. चौथी कालची आहे. पाय टेकतो. किती वजन टाकतं ते मला सांगता येत नाही. बरगड्या मोजता येतात. खातं आहे.

पहिल्या आणि चौथ्या चित्रफितीत फरक आहे असं मला वाटतं. पण तो मला हवा आहे तसाच फरक आहे, म्हणून तो मी दिसलेल्यात लिहीत नाही.

मर्लचं मत असं की हिवाळ्यात लंगडं हरीण कायोटींच्या, इथल्या मोठ्या रानकोल्ह्यांच्या, तावडीत जातं, आणि त्यापेक्षा बाण बरा. तिच्या शेजाऱ्याचं मत असं की त्याने तीन पायांवर दोन हिवाळे काढलेलं हरीण पाहिलं आहे. दोघंही खरं बोलत असतील. दोघांनीही माझं हरीण चालताना पाहिलेलं नाही.

माझं ठरलं आहे ते लिहिते. परवाना एका हरणाचा आहे आणि तो याच हरणासाठी आहे. दुसऱ्या कुठल्याही हरणावर मी बाण सोडणार नाही. हे बरं होत असेल तर परवाना कोरा राहील आणि त्याला मी कॅमेऱ्यातसुद्धा त्रास देणार नाही. बरं होत नसेल तर शनिवार, ९ डिसेंबरला मी मचाणावर जाईन आणि जे अर्धवट केलं ते पूर्ण करीन. ते काम दुसऱ्या कुणावर टाकण्याचं नाही. मांस बहुधा खाण्याजोगं नसेल. मर्लला हे सांगितलं. तिने शेगडीत एक ओंडका टाकला, आणि मग म्हणाली की फ्रीझर नाहीतरी जुना झालाय.

मामांना सांगावं की तिसऱ्या चित्रफितीत शेवटी ते थांबतं, ती जागा मी मोजून आले. मचाणापासून सोळा मीटर. ते आडवं उभं आहे, किंचित पाठमोरं. मान खाली. जवळचा पाय पुढे पडलेला, खांदा सरकलेला, छाती उघडी. दबकलं तरी वाव आहे, वळलं तरी आहे. कोर्सच्या पुस्तकात छापतात तसं. ते चित्र मी पुष्कळदा थांबवून पाहिलं. या वेळी खुरांपासून पाहायला सुरुवात केली आणि मग वर गेले. डाव्या कानाला एक जुनी चीर आहे. पाणी प्यायल्यावर ते हनुवटी झटकतं.

कोनाबद्दल मला आता कुणाला काही विचारायचं नाही. तो निर्दोष आहे. बाण सोडायचा का, ते मला कोनातून कळत नाही. ते बरं होतंय की नाही हे चालण्यात दिसत असेल तर ते तुम्हाला वाचता येतं, मला येत नाही. निर्णय तुमच्यावर टाकत नाही. फक्त काय दिसतं ते सांगा, आणि मला धनुष्य खाली ठेवायला लावणारं उत्तर असावं म्हणून काही कमी-जास्त करू नका. ठेवायचंच असेल तर ते मी स्वतः ठेवीन.

राग आहे तेवढा असू द्यावा, लोभ त्याच्या शेजारी बसायला तयार आहे.

शुक्रवार, ८ डिसेंबरपर्यंत उत्तर द्यावं. पत्र पोचणार नसेल तर फोन करा. शिट्टी वाजली तरी मी ऐकीन.

आपली,
अबोली